कार्डावर नाव कोणाचं

मरणाबद्दल बोलताना माणूस आवाज खाली आणतो. आजाराबद्दल बोलताना मात्र तो मोठ्यानं बोलतो, आणि शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसालाही त्यात सामील करून घेतो. आजारपणाच्या विम्याच्या ऑफिसात नोकरी केलेल्या बाईला त्यामुळे किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलावर धूळ बसते तसे ते बसतात. आज पुसले तरी उद्या आहेतच.

आमची ब्रांच उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकाच्या जरा अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका उभा की व्यासजी म्हणायचे, "जो ऊपर तक आ गया, उसका मेडिकल हो गया!" व्यासजी आमचे सगळ्यात जुने एजंट. सक्सेना साहेब मॅनेजर. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर शुभांगी पुराणिक, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची.

काळ नव्वदीचा. गावातल्या कापडाच्या मिल्स बंद पडत होत्या, घरोघरी केबल येत होती, आणि आजारपणाची पॉलिसी ही चीज लोकांना नवीन होती.

*

पहिल्या पहिल्या गिऱ्हाइकांतले एक पटनी बाजारातले कापडाचे सेठजी. त्यांना आयुर्विमा ठाऊक होता. माणूस गेला की पैसे, हिशेब सरळ. ही पॉलिसी काही केल्या त्यांच्या गळी उतरेना.

"बीमार पड़े तो पैसा मिलेगा?"

"हो."

"और नहीं पड़े तो?"

"तर काही नाही. तब्येत चांगली राहिली, हाच फायदा."

सेठजींनी बराच वेळ विचार केला आणि बायको-मुलांसकट पॉलिसी घेतली. वर्ष सरल्यावर ते जिना चढून आले तेच तोंड पाडून. म्हणाले, "मॅडम, पूरे साल घर में किसी को छींक तक नहीं आई. अभी आठ दिन बाकी हैं. बड़े वाले के टॉन्सिल निकलवा दूँ क्या?"

*

मुलांचा विमा एकट्या मुलांचा होत नसे. आई किंवा वडील कोणीतरी पॉलिसीत लागत. ही अट लोकांना फार खटकायची. "मुझे क्या होना है? बच्चे का कर दो बस," हे वाक्य मी किती बापांच्या तोंडून ऐकलं असेल!

असेच एक शर्माजी, शाळेत पी.टी. शिकवणारे. मुलासाठी आले होते. नाइलाजानं स्वतःचं नाव घातलं. मुलगी होती, तिचं नाव घालायला तयार होईनात. "वो तो पराए घर जाएगी. वहाँ वाले करा लेंगे." मुलगी तिथेच बाकावर बसून आमच्या कॅलेंडरातली चित्रं बघत होती.

शुभांगीनं मान वर न करता विचारलं, "मोठं कोण? बिटिया?"

"हाँ, बिटिया."

"तर आधी बिटियाचं नाव लिहावं लागेल. वयानं क्रम असतो. मोठ्याला सोडून धाकट्याचं होत नाही."

शर्माजींनी सुस्कारा टाकला आणि लिहिलं.

असा नियम नव्हता. पुढेही कधी आला नाही.

आणि त्या वर्षी दोन्ही मुलं ठणठणीत राहिली. देवास गेटपाशी स्कूटरवरून पडले ते शर्माजी. पायाला प्लास्टर, दोन माणसांच्या खांद्यावर हात, असे वर आले आणि म्हणाले, "मॅडम, बच्चों के बहाने मेरी टाँग जुड़ गई!"

*

आता शुभांगीची अडचण सांगायला हवी. त्या वर्षभर आमच्या ऑफिसात डबा खाताना दुसरा विषय नव्हता.

लोकांना विकायची पॉलिसी वेगळी आणि आम्हा स्टाफची कार्डाची योजना वेगळी. लोकांच्या पॉलिसीत जुना आजार चालत नसे. स्टाफच्या योजनेत तोही चालायचा, आणि आपल्यावर आश्रित असलेल्या आईवडिलांना त्यात घालता यायचं. फक्त बायकांसाठी एक अट होती. लग्न झालेल्या बाईनं एकतर माहेरचे आईवडील घालायचे, नाहीतर सासू-सासरे. दोन्ही नाही. आणि एकदा लिहिलं की बदल नाही. पुरुषांना हा प्रश्नच नव्हता. सासूला कार्डावर घालतोस का, असं त्यांना कोणी विचारतच नव्हतं.

शुभांगीच्या घरी सासरे होते, नाना पुराणिक. मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद झाली आणि तिच्याबरोबर त्यांचं कामगारांच्या सरकारी दवाखान्याचं कार्डही गेलं. त्यांना हर्निया होता, पट्टा बांधून फिरायचे, आणि ऑपरेशन आता टाळू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा मिलिंद मोटारपार्टच्या दुकानात कामाला, तिथे कसलं कार्ड? आणि गावातच, नानाखेड्याला, शुभांगीची आई एकटी राहायची. शुभांगी एकुलती एक. आईची साखर इतकी वाढलेली की दृष्टी जायला लागली होती. डोळ्यांचा इलाज इंदूरला, आणि तो एका खेपेत संपणारा नव्हता.

कार्ड एक. माणसं दोन.

साहेब म्हणाले, "ससुराल लिखो, घर में शांति रहेगी." व्यासजी म्हणाले, "कुंडली दिखा दो." शुभांगीची आई म्हणाली, "नानांचं लिही गं. मुलगी दिल्यावर तिच्या नोकरीवर आपला हक्क कसला?"

"म्हणजे ताई," शुभांगी मला म्हणाली, "शर्माजींच्या बिटियाला मी यादीत घातलं, आणि माझीच आई म्हणते मला काढ!"

*

नानांच्या जुन्या कार्डाचा किस्सा तर अख्ख्या मिल कॉलनीत प्रसिद्ध होता.

मिल बंद झाल्यावरही ते महिनाभरानं आपल्या त्याच दवाखान्यात गेले, रांगेत उभे राहिले आणि खिडकीत कार्ड ठेवलं. कंपाउंडर ओळखीचा. बिचारा ओशाळून म्हणाला, "नाना, अब ये कार्ड बंद हो गया."

नाना म्हणाले, "कार्ड बंद हुआ है, खाँसी चालू है. तुम लोग पहले खाँसी बंद करो, फिर कार्ड बंद करना!"

रांगेतले सगळे मिलवाले हसले. कंपाउंडरनं इकडेतिकडे बघून औषधाची बाटली भरून दिली. पण नाना त्या खिडकीवर पुन्हा गेले नाहीत. पुढे एकदा मला म्हणाले, "मिल गेली त्याचं एवढं नाही वाटत. त्या कार्डावर माझ्या नावाखाली पाच नावं होती. दोन मुलींची बाळंतपणं त्याच्यावर झाली, मिलिंदचा टायफॉइड त्याच्यावर निघाला. आता खिशात हात घातला की मोकळा येतो."

*

व्यासजींचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात उज्जैनमधला माणूस नवा रुमालसुद्धा घेत नाही. मग विम्याचं रिन्यूअल त्याच दिवसांत आलं तर? लोक म्हणायचे, "नवरात्रात बघू." आणि तारीख चुकली की पॉलिसी तुटायची, मधल्या काळात आजार निघाला की तो जुना ठरायचा. अशी दोन-तीन घरं आमच्या डोळ्यांदेखत फसली होती.

दर वर्षी सक्सेना साहेब डोकं धरून बसायचे. "व्यासजी, आप तो पंडित हैं, कुछ कीजिए."

व्यासजींनी केलं. घरोघरी जाऊन सांगायला लागले, "नया काम थोड़े ही है! जो चल रहा है उसे चालू रखना, ये तो नित्यकर्म है. श्राद्ध में संध्या बंद करते हो क्या?"

लोकांना पटलं. एक जोशीकाकू तर सर्वपित्रीच्या दिवशी चेक घेऊन आल्या. चेकवर तुळशीचं पान ठेवलेलं. कॅशियरनं विचारलं, "ये क्या है?"

काकू म्हणाल्या, "अहो, संकल्प नको का सोडायला?"

*

माझे यजमान गेले तेव्हाची गोष्ट. मी रजेवर होते. घरी माणसं यायची, बोलायची, मी ऐकायचे. व्यासजी आले, कोपऱ्यात बसले, आणि जिभेवर सरस्वती असलेला हा माणूस अर्धा तास काही बोललाच नाही. चहा तसाच ठेवून उठला.

दारापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, "वहिनी, पॉलिसीतून भाईसाहबांचं नाव कमी करायचं काम माझं. तुम्ही तो कागद हातात घेऊ नका."

तेवढ्या दिवसांत मला उपयोगी पडलेलं वाक्य तेवढंच.

*

पुढेपुढे चाल उलटी झाली. आधी बाप मुलांसाठी यायचे, मग मुलं बापांसाठी यायला लागली. दिवाळीत पुण्याहून, बंगलोरहून मुलं यायची आणि आईवडिलांना हाताला धरून आमच्या जिन्यावरून वर आणायची.

असे एक निवृत्त हेडमास्तर, करंदीकर सर. मुलगा कॉम्प्युटरमधला. सर खुर्चीत, बाई शेजारी, मुलगा मागे उभा. मी विचारलं, "सर, आधीचा काही आजार?"

"काही नाही. आयुष्यात एक दिवस आजारपणाची रजा घेतलेली नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मूळव्याध सांगा."

"ती काय आजार आहे?"

"मग उशी घेतल्याशिवाय बसता का येत नाही? आत्ता तरी ऐटीत बसलाय, घरी गेल्यावर बघा!"

मुलगा वैतागला. "बाबा, खरं सांगा. नाहीतर क्लेम मिळणार नाही."

सरांनी मुलाकडे वळून पाहिलं. "चाळीस वर्षं मी मुलांना हेच म्हणत आलो, खरं सांग, नाहीतर मार मिळेल. यांच्या कंपनीनं फक्त धमकी बदललीय."

*

आता नानांचा राहिलेला किस्सा.

शुभांगीनं शेवटी सासरचं लिहायचं ठरवलं होतं. आईनंच तशी शपथ घातली होती. ठरवल्यापासून ती डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. नाना मात्र खुशीत. येताजाता वर यायचे, पट्ट्यावर हात दाबून जिना चढायचे आणि दारातूनच विचारायचे, "सूनबाई, माझं कार्ड आलं का?" कार्ड मिळालं की ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात करायचं, नर्स मल्याळी असतील का, सगळं ठरवून झालं होतं.

एकच काम राहिलं होतं. आपण सुनेवर आश्रित आहोत, असं नानांनी मॅनेजरसमोर सांगायचं आणि सही करायची.

त्या दिवशी नाना मिलच्या जमान्यातला कोट घालून आले. खिशात स्टुडिओतून काढून आणलेल्या फोटोंचं पाकीट. साहेबांनी चहा मागवला. मी आणि व्यासजी साक्षीदार म्हणून आत होतो. शुभांगी भिंतीला टेकून उभी. सकाळीच ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवून आली होती. डॉक्टर काय म्हणाले, ते आम्ही तिला विचारलं नव्हतं.

नानांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चहा बशीत ओतला.

साहेब म्हणाले, "नाना, बस एक फॉर्मेलिटी है. आप बहू पर आश्रित हैं ना?"

"बिलकुल नहीं."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "जी?"

"मैं किसी पर आश्रित नहीं हूँ. मिल की पेन्शन आती है. घर में किराएदार है. अच्छा खाता-पीता आदमी हूँ."

मिलच्या पेन्शनमध्ये दुधाचं बिल भागत नव्हतं. आणि तो भाडेकरू खोली सोडून कधीच गेला होता, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

"नाना, असं काय करताय?" शुभांगी पुढे झाली.

"तू मधे बोलू नकोस. मी मिलमध्येसुद्धा कधी खोटी सही केली नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सोच लीजिए. मैंने ये लिख दिया तो इस कार्ड पर आपका नाम कभी नहीं आएगा."

"लिखिए."

व्यासजी काहीतरी बोलायला गेले, मी त्यांचा हात दाबला. साहेबांनी लिहिलं. लिहिताना त्यांनी दोनदा थांबून नानांकडे बघितलं. नाना बशीतला चहा फुंकर मारून पीत होते.

पिऊन झाल्यावर उठले. एक हात पट्ट्यावर, दुसरा दाराच्या चौकटीवर. तिथे थांबून सुनेला म्हणाले, "विहीणबाईंचे दोन फोटो काढून घे आजच. आणि त्यांना सांग, फोटोत हसायचं नाही. हसऱ्या माणसाला दवाखान्यात कोणी लवकर आत घेत नाही!"