एका बरगडीचं बाळंतपण

माझं बाळंतपण अकोल्याला झालं, थोरल्या बहिणीच्या घरी, ऐन एप्रिलच्या उन्हात. वय पन्नाशीच्या पलीकडे, मिशा पांढऱ्या, आणि कानाला फडकं बांधून मी पलंगावर डिंकाचे लाडू खात बसलो होतो. मूलबाळ काही झालेलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी माझी एक बरगडी काढून घेतली होती, एवढंच.

अमरावतीला आमचं साड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. वडिलांनी करून घेतलेली कपाटं पार छताला भिडलेली आणि भारी माल सगळा वरच्या खणात. वडिलांचं म्हणणं असं की, जी साडी हात उंचावून काढावी लागते तिचा भाव गिऱ्हाइकाला आपोआप पटतो. त्यांच्या मागे मी हात उंचावत राहिलो. साडी काढायची आणि एका झटक्यात गादीवर अशी उलगडायची की, पदर नेमका त्या बाईच्या पुढ्यात पडावा जिच्या हो-नाहीवर सौदा ठरणार आहे. कधी ती नवरीची आई असते, कधी आत्या, कधी कोपऱ्यात गप्प बसलेली एखादी म्हातारी. ती कोण हे ओळखणं आणि पदर तिच्याचपुढे टाकणं ही माझी कला होती. निदान मी तसं समजत होतो आणि घरातल्या कोणी उघड विरोध केला नव्हता.

मग हात वर केला की बोटांना मुंग्या यायला लागल्या. पुढेपुढे हात पांढरा पडायचा, गार व्हायचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर असून नसल्यासारखी. चहाचा कप सुटला, किल्ल्या सुटल्या, एकदा गिऱ्हाइकाच्या देखत साडी सुटली. मानेला पट्टा लावून झाला, साखर तपासून झाली, छातीचा ईसीजी काढून झाला, एका हाडं बसवणाऱ्याकडून मान दोन्ही बाजूंनी कडाकडा मोडून घेऊन झाली. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी मला पकडलेल्या चोरासारखे दोन्ही हात वर करायला लावले, मुठी उघड-मीट करायला लावल्या, आणि माझा उजवा हात माझ्या डोळ्यांदेखत पीठ फासल्यासारखा झाला. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्ताची नळी सगळ्यांत वरच्या बरगडीपाशी चिरडल्या जात होत्या. ती बरगडी काढली की वाट मोकळी, असं त्यांनी सांगितलं.

मी एकच विचारलं, हात पहिल्यासारखा होईल ना? वाट मोकळी करणं आपलं काम, नस किती जागी होते ते तिच्यावर, असं ते म्हणाले. फार दिवस दबलेली आहे, महिना-दीड महिन्यानं पाहू. तोवर जड उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, शिकवलेले व्यायाम सोडायचे नाहीत.

म्हणजे सगळी लगनसराई गेली. कपड्याच्या धंद्यात वर्षाची खरी कमाई त्याच दिवसांत होते. लग्नघरची मंडळी गाडी करून बस्ता घ्यायला येतात, सासरच्या-माहेरच्या सगळ्या साड्या एका बैठकीत निवडतात, आणि तेव्हाच माझा हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, मी नुसता गल्ल्यावर बसेन. बायको म्हणाली की, हा माणूस टाके ओले असताना जिना उतरेल आणि दुसऱ्या मिनिटाला स्टुलावर चढलेला दिसेल. तिनं परस्पर माझ्या बहिणीला फोन केला आणि नागपूरहून मला थेट अकोल्यात उतरवलं.

आता माझ्या ताईबद्दल सांगायला हवं. आमच्या खानदानात कोणाचंही बाळंतपण असलं की, ते ताईकडे. लेकी, सुना, पुतण्या, भाच्या, सगळ्या तिच्या मागच्या खोलीतून तंदुरुस्त होऊन बाहेर पडलेल्या. त्यामुळे आजारातून माणूस उठवण्याची तिच्याजवळ एकच पद्धत होती. तिच्या हिशेबानं पोटातून काही निघो की छातीतून, अंग ओलंच. पहिल्या दिवशी तिनं खोलीतला कूलर बंद केला. अकोल्यात, एप्रिलमध्ये. मी कळवळलो तर म्हणाली, "बापू, आंग ओलं हाये तुह्यं. वारा बाधला तं जलमभर निस्तरत बसशील."

सकाळी ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, पलंगाखाली निखाऱ्यांची शेगडी. नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी आधी, बाळंतपण कोणाचं, असं विचारलं. मग म्हणाले की, टाक्यांपाशी धूर नको आणि शेगडी अजिबात नको. शेगडी गेली, पण बाकी सगळं राहिलं. जेवणात मऊ भात, तूप, वरण, मेथीची भाजी. ठेच्याचं नाव काढायचं नाही. मोबाईल पाहायचा नाही, डोळे खराब होतात. वाचायचं नाही, त्यानंही होतात. छताकडे पाहिलं तर चालत होतं.

शेजारच्या चाची रोज दुपारी यायच्या. त्यांचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या तिथलं, गाद्या-रजया भरण्याचं काम करणारं. त्यांच्यात बाळंतिणीला हरीरा देतात, सुक्या मेव्याचा, डिंकाचा, तुपानं माखलेला. तो त्या माझ्यासाठी झाकून आणायच्या आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. एकदा पेला परत घेताना म्हणाल्या, "आमच्यात तर पहिल्या माणसाच्या एका पसलीतून अख्खी बाई निघाली, भाई. तुमच्या पसलीतून काय निघालं?"

"बिल," भाऊजी पेपरामागून म्हणाले.

भाऊजी रिटायर झालेले, दिवसभर आरामखुर्चीत. घरात आपल्याहून रिकामा माणूस आला याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

भेटायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाला बरगडी कुठं आहे ते हवं असायचं. बरणीत दिली का, परत बसवणार का, तिच्यावाचून माणूस वाकडा होत नाही का. मी आधी खरं सांगायचो. मग कंटाळून थोडं वाढवायला लागलो, आणि वाढवलेलंच लोकांना पटायला लागलं.

पण आतून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बोट-बोट जुळवून पाहायचो. करंगळी आणि तिची शेजारीण यांच्यात पेपराचा कागद धरायचा आणि डाव्या हातानं ओढायचा. तो सुळकन निघून यायचा. शर्टाचं बटण लावायला घ्यायचो आणि ताई येऊन लावून द्यायची. दुकानात फोन करायचो तर बायको म्हणायची, गिऱ्हाईक बसलंय, ठेवते. गिऱ्हाईक बसलंय हे ऐकून जिवाला बरं वाटायला हवं होतं. मला उलट वाटायचं. ते बसलं कसं? त्याच्यापुढे साड्या टाकतंय कोण? मी नसताना बसलेलं गिऱ्हाईक उठत का नाही?

एका सकाळी ताई पलीकडच्या गल्लीत एका खऱ्या बाळंतिणीच्या बाळाला न्हाऊ घालायला गेली. जाताना मला दम देऊन गेली. मी चपला शोधू लागलो. भाऊजी आरामखुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"मी झोपलो हावो," ते म्हणाले. "मले काई मालूम नाही."

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. उजवा हात डाव्या हातानं पोटाशी धरून बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत रस्त्यातला प्रत्येक खड्डा टाक्यांनी मोजला. बडनेऱ्याला वाटलं उतरावं आणि परत फिरावं, पण तोवर अमरावतीच आली होती. रिक्षानं दुकानापुढे उतरलो.

दुकान भरलेलं. भातकुलीकडची मंडळी बस्त्याला आली होती, चांगली शेतीवाडी असलेली. गादीवर बायको. मी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही, कपाटांकडे पाहिलं. वरचे खण रिकामे. सगळा भारी माल खालच्या खणांत, बसल्या हाताला येईल असा. आणि गिऱ्हाईक गादीच्या अलीकडे नव्हतंच. बायका चपला काढून सरळ गादीवर आल्या होत्या, हवी ती साडी स्वतः ओढत होत्या, अंगावर लावून आरशात पाहत होत्या. वडिलांनी असं कोणाला एकदाही करू दिलं नसतं. मीही नाही.

बायकोनं वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की, कानाला बांधलेलं फडकं मी अकोल्याहून तसंच घेऊन आलो आहे.

ते ओढून काढलं आणि गादीवर चढलो. निवडणारी कोण ते मला लगेच कळलं, खांबाला टेकून बसलेली म्हातारी. एक नारिंगी काठाची साडी उचलली, डाव्या हातानं आधार दिला आणि उजव्यानं झटका दिला. बोटांनी पकडलंच नाही. साडी उलगडली नाही, तिचा बोळा सुटला आणि म्हातारीच्या पुढ्यातल्या चहाच्या कपावर जाऊन पडला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. म्हातारी माझ्या हाताकडे पाहत म्हणाली, "काय झालं वो यायच्या हाताले?"

"झोपला हाये," बायको साडीचा ओला भाग पुसत म्हणाली. "उठन."

आणि तिनं पुढची साडी हळूच उघडून म्हातारीच्या मांडीवर ठेवली. मी कोपऱ्यात बसलो. बस्ता माझ्या डोळ्यांदेखत पुरा झाला, गठ्ठे बांधले गेले, मंडळी हसत-बोलत गाडीत बसली.

वर घरी बायकोनं मला पाणी दिलं. मी म्हटलं, दुकान तर चाललंय. ती म्हणाली, तेच पाहायला आला होतात ना, पाहिलंत, आता दुपारच्या बसनं परत जा.

"मंग माह्यं काय?" मी विचारलं.

तिनं पदरानं घाम पुसला. "तुमचं काय म्हंजे? रोज लोकं पुसतेत मले, गोष्टी सांगणारे भाऊ कुठं गेले म्हून. हातानं थोडीच विकत होते तुमी. तोंडानं विकत होते."

हे ऐकून धीर यावा असं तिला वाटत असावं. मला राग आला. इतकी वर्षं मी ज्याला कला समजत होतो त्याचं या बाईनं एका वाक्यात बस्त्यासारखं गाठोडं बांधलं होतं. शिवाय तोंडाचं ऑपरेशन करायला कोणी नागपूरला जात नाही. मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

संध्याकाळी अकोल्याला पोचलो तेव्हा ताई, चाची आणि भाऊजी ओसरीत बसलेले. भाऊजींनी नुकतेच जागे झाल्यासारखं केलं. मी बोलणी खायला तयार होतो. ताई नुसती माझ्या शर्टाकडे पाहत राहिली, कारण टाक्यांवरची पट्टी घामानं सुटून लोंबत होती. तिनं हात धुतले, पट्टी नीट केली. मग चाचीकडे वळून, मी तिथं नाहीच अशा सुरात म्हणाली, "इतके बाळंतपणं केले वो मी, पण बाळंतीण पळून गेली असं कवाच झालं नवतं."

चाची इतक्या हसल्या की, त्यांना ठसका लागला. ताई हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते मला दिसलं हे तिला आवडलं नाही.

त्यानंतर मी निमूट राहिलो. निमूट म्हणजे बाहेरून. आत तसाच गोंधळ होता, पण व्यायाम वेळेवर करायचो आणि हरीरा न सांगता प्यायचो. नागपूरच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांची बोटं माझ्या मुठीत दिली आणि म्हणाले, दाबा. मी सगळ्या ताकदीनं दाबलं. थोडं आलंय, ते म्हणाले, आणि मग, थोडंच. पुढे आणखी येईल, किती ते सांगवत नाही. हात वर न्यायची आता भीती नाही, हळूहळू न्या.

मी अमरावतीला परत आलो. माझी जागा आता दारापाशी, खुर्चीत. आलेल्यांना बसा म्हणायचं, गाव विचारायचं, चहा सांगायचा, सोयरसंबंध काढायचे. बायको गादीवर. साडी झटक्यात उलगडणारं दुकानात कोणी नाही आणि त्याची विचारपूसही कोणी केली नाही. काही दिवस मला हे सारखं टोचत राहिलं. अजूनही अधूनमधून टोचतं, विशेषतः दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा.

परवा चांदूर बाजारच्या एक बाई आल्या. मुलीच्या लग्नाचा शालू आमच्याकडूनच नेलेला, आता नातीसाठी तसाच हवा होता. बायकोनं दोन-चार दाखवले. त्यांचं समाधान होईना. मी खुर्चीतून उठलो, बोलता बोलता गादीवर गेलो आणि सवयीनं हात थेट वरच्या खणात घातला.

खण रिकामा. हात तिथंच, वर. बाई पाहताहेत, बायको पाहतेय. काहीतरी करायला हवं म्हणून मी तोच हात खाली आणून डोकं खाजवलं आणि म्हटलं, तसा शालू आता येत नाही, पण त्याची गोष्ट सांगतो.

गोष्टीच्या मध्यावर कधीतरी माझ्या ध्यानात आलं की, बोटांना मुंग्या आल्या नव्हत्या. हाताकडे पाहिलं. पांढरा पडला नव्हता, रंग होता तसाच होता. बायकोनंही पाहिलं असावं, कारण ती घडी घालता घालता थांबली होती. मग मला म्हणाली, बाईंना ऊन लागलंय, आधी पाणी द्या.