आधी परत म्हणा

मनोहरभाऊजींना तुम्ही म्हणालात, "आज काय उकडतंय," की ते आधी म्हणायचे, "आज उकडतंय म्हणता." मग तुमच्या तोंडाकडे बघत थांबायचे. तुम्ही "हो ना" म्हटलंत, की मगच त्यांचं स्वतःचं बोलणं सुरू. नवा माणूस चक्रावूनच जायचा. मी लग्न होऊन इकडे गुजरातेत, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये नवी नवी आले होते, तेव्हाची गोष्ट. ते आमच्या शेजारी राहायचे. त्यांचं दूध नासलं म्हणून मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "साखर कमी वाटली तर सांगा हं भाऊजी." ते म्हणाले, "साखर कमी वाटली तर सांगायचं." मी थांबले, तेही थांबले. शेवटी आतून त्यांची बायको, आमच्या सुमनताई, ओरडल्या, "अगं हो म्हण त्यांना, नाहीतर चहा गार होईल!"

भाऊजी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होते. कंट्रोल म्हणजे काय, ते त्यांनीच मला एकदा समजावलं. ते कानाला फोन लावून स्टेशन मास्तरांना सांगायचे, ही गाडी थांबवा, ती पुढे काढा. पलीकडच्याने ते सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. भाऊजींनी "बरोबर" म्हटलं, की मगच पुढचं काम. भाऊजींना कुणी काही कळवलं, तरी त्यांनीही तसंच परत म्हणायचं. उभा जन्म यात गेल्यावर सवय घरात येणारच. आमचे हे वर्कशॉपमधून घरी आले तरी बोलता बोलता डाव्या हाताने हवेतच नट पिळायचे, तसलंच ते.

क्वार्टर्समधली मुलं त्यांना पोपटकाका म्हणायची, मराठी मुलंही आणि गुजराती मुलंही. भाऊजींना राग नव्हता. उलट म्हणायचे, "पोपट बरा. तो निदान समोरच्याचं पूर्ण होईपर्यंत गप्प बसतो." भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, आली की आम्ही बायका मुद्दाम त्यांना पुढे करायचो. भाजीवाला भेंडी दाखवून म्हणायचा, "काका, भींडा आजना, एकदम ताजा." भाऊजी शांतपणे, "तमे कहो छो के भींडा आजना छे." आणि थांबायचे. भाजीवाला डोकं खाजवायचा, इकडे तिकडे बघायचा आणि म्हणायचा, "ना काका, साचुं कहुं तो कालना छे." आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस जरा भानावर येतो, एवढं मी त्या लारीपाशी शिकले.

सुमनताई मात्र कधी कधी भडकायच्या. "तुम्ही माझं कध्धी ऐकत नाही!" त्या म्हणायच्या. "मी तुझं कधी ऐकत नाही म्हणतेस," भाऊजी म्हणायचे. झालं! त्यांना हसू फुटायचं आणि भांडण तिथेच संपायचं. कुणी उत्तर द्यायची घाई केली, की भाऊजींचं वाक्य ठरलेलं असायचं: "आधी मजकूर पोचला का ते बघू. उत्तर कुठे पळून जातंय?"

माझ्यापुढे मात्र त्यांची पंचाईत व्हायची. मी बोलायला लागले की थांबत नाही, हे तुमच्या आतापर्यंत लक्षात आलंच असेल. भाऊजी हात वर करून म्हणायचे, "वहिनी, मधे एखादं स्टेशन घ्या! एवढं लांबचं मी परत कसं म्हणू?"

आमचे हे आणि भाऊजी दोघेही रिटायर झाले आणि आम्ही क्वार्टर्स सोडून जवळच्याच एका सोसायटीत गेलो, तिथेही शेजारी शेजारी. सुमनताई गेल्या, तरी भाऊजी दुपारच्या चहाला रोज आमच्याकडे येत राहिले. ते येत राहिले हे किती बरं झालं, ते आता सांगते.

आमच्या यांना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल, आणि उशीर करून चालणार नाही. यांनी घरी येऊन सांगितलं, "मला करायचं नाही." झालं! आमचा समीर सावली गावाकडच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे, हुशार मुलगा, पण बोलायला लागला की फटाकडी. "पप्पा, हट्ट सोडा!" "तू मला शिकवू नकोस!" दोन-तीन दिवस असं चाललं आणि मग बापलेकांचं बोलणंच बंद. एका घरात राहून हे मला म्हणणार, "त्याला सांग, कंपनीची बस चुकेल." तो मला म्हणणार, "त्यांना सांग, गोळी राहिली." मी आपली या खोलीतून त्या खोलीत. आणि जिन्यावर यांचा श्वास रोज थोडा आणखी वर चढत होता. मला झोप लागेना, जेवण जाईना. हातातून माणूस जाईल, आणि कशाने, तर अबोल्याने!

एका रविवारी मी उंधियूच्या भाजीसाठी पापडीच्या शेंगा सोलत बसले होते. भाऊजी आले, आणि मी त्यांच्यापुढे सगळं ओतलं. त्यांनी सगळं परत म्हटलं, एकही स्टेशन न गाळता. माझे डोळे भरले. म्हणाले, "वहिनी, दोघांच्या मधे तिसरा फोन लागला की लाइन खरखरते. तुम्ही आता फोन खाली ठेवा आणि पापडी सोला. तोंडातून शब्द काढायचा नाही." मग त्यांनी दोघांनाही हाक मारून समोरासमोर बसवलं.

"समीर, तू बोल. आणि अरुण, तुझ्या मनातलं नंतर. आधी तो काय म्हणाला ते परत म्हण."

समीर म्हणाला, "पप्पा जिन्यात मधेच थांबतात. मी खाली स्कूटर लावत असतो, मला त्यांचा श्वास ऐकू येतो. मला भीती वाटते."

"अरुण, परत म्हण."

हे म्हणाले, "तो म्हणतो, मी हट्टी आहे."

"मी आत्ता असं म्हणालोच नाही!" समीर उसळला.

"नाही म्हणाला," भाऊजी म्हणाले. "चुकीचं पोचलं. समीर, पुन्हा दे. रागाचा सूर इथे टेबलावर ठेव, नुसता मजकूर दे."

समीरने पुन्हा सांगितलं. हे खालच्या मानेने म्हणाले, "तुला माझा श्वास ऐकू येतो. तुला... भीती वाटते."

"बरोबर," समीर म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी होता तसा झाला होता.

"आता अरुण."

आणि आमचे हे, ज्यांनी मला साधी भाजी आवडली असंही कधी तोंडाने सांगितलं नाही, ते बोलायला लागले. "ऑपरेशनला मी घाबरत नाही. पण तू आणि डॉक्टर माझ्यासमोर माझ्याच छातीबद्दल भराभर इंग्रजीत बोललात. मी मधे खुर्चीसारखा बसलो होतो. वर्कशॉपात इंजिन उघडायचं तर आम्ही चार जण आधी बोलायचो, काय उघडणार, कसं बसवणार. मला कुणी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही."

समीरचं तोंड उत्तरासाठी उघडलंच होतं. भाऊजींनी नुसती भुवई वर केली. समीरने ते उत्तर गिळलं आणि तो म्हणाला, "तुम्हाला कुणी विचारलं नाही. तुमच्यासमोर तुम्हाला सोडून बोललो आम्ही."

"बरोबर," हे म्हणाले.

मी मान खाली घालून पापडी सोलत होते. नंतर बघितलं तर दाणे सालांत आणि सालं दाण्यांत.

दुसऱ्या दिवशी समीरने रजा घेतली आणि दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेले. यांनी प्रश्न विचारले, आणि प्रत्येक उत्तरावर, "म्हणजे डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणता की..." डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. घरी येताना हे स्वतःच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात उरकून टाकू." ऑपरेशन छान झालं. आता हे सकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारतात आणि मलाच म्हणतात, "पाय उचल जरा!" सुटले मी. आणि बापलेक अजूनही भांडतात, पण भांडण तापलं की दोघांपैकी एक जण म्हणतो, "थांब, आधी परत म्हण."

भाऊजी यंदा मुलीकडे इंदूरला गेले, कायमचे. एकट्याने किती दिवस राहणार? आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. ते खिडकीत बसले होते, मी बाहेर. म्हणाले, "वहिनी, अरुणला जिना हळू चढू द्या. समीरला दमलेला असेल तेव्हा विचारू नका, जेवल्यावर विचारा. आणि मला फोन करा. लांब बोललात तरी चालेल."

एरवी मी याच्या वर दहा गोष्टी बोलले असते. तेव्हा नाही बोलले. मी म्हटलं, "यांना जिना हळू चढू द्यायचा. समीरला जेवल्यावर विचारायचं. तुम्हाला फोन करायचा, लांब बोललं तरी चालेल." आणि थांबले, त्यांच्यासारखीच.

भाऊजी नुसते बघत राहिले. समीर म्हणाला, "काका, सिग्नल झाला." तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजांवर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर."

आणि गाडी हलली.