रुमालाखालचा सौदा

त्या वर्षी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. अमरावतीला बी.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं आणि ते सोडून मी अकोल्याच्या शेतकी कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला बसावं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. घरचे म्हणजे मुख्यतः मामा. ते अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून होते आणि साहेब लोकांची जीप रोज डोळे भरून पाहत. "शेतकी केली का नोकरी पक्की. बुडाखाली जीप! अन् तर्कशास्त्र करून काय करशीन बाप्पा? धूर दिसला का आग हाय, हे तं माह्यी बकरीबी सांगते." मामांकडे बकरी नव्हती. पण हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सकाळी वाटे, जावं. वर्गात सरांनी एखादा युक्तिवाद उलगडून फळ्यावर शेवटची ओळ लिहिली की वाटे, मेलो तरी हे सोडायचं नाही. संध्याकाळी पुन्हा ती जीप डोळ्यांपुढे. अकोल्याला जायचं म्हणून निघायचं, बडनेऱ्याला गाडी बदलायला उतरायचं, फलाटावर चहा प्यायचा आणि उलट फिरायचं, असंही माझं झालं. खोलीतला सोबती वैतागून म्हणाला, "एक तं जाय, नाही तं गुमान बस लेका. तुह्या येरझारांनी मले चक्कर येऊन राह्यली."

शेतीचा तिटकारा असता तर प्रश्नच नव्हता. पण घर शेंदूरजन्याचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायला मी लहानपणीच शिकलो होतो. मामांनी एकदा शेतकी कॉलेजची रोपवाटिका दाखवायला नेलं, तेव्हा तिथली पोरं डोळे बांधत होती आणि माझी बोटं शिवशिवायला लागली. स्वतःचाच राग आला मला. कुठल्याच एका गोष्टीवर मन टिकेना, हा काय माणूस झाला?

बाबा मात्र चकार शब्द काढत नव्हते. ते संत्र्याचे दलाल. दिवसभर लोकांचे सौदे जुळवायचे आणि घरी आल्यावर गप्प. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांनाही अकोलाच हवं आहे, फक्त जबरदस्ती करायची नाही, असं मी धरून चाललो होतो.

प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा बाबा आणि मी दोघेही मामांकडे जमलो. मामांचं जीपपुराण सुरू झालं. मामीही बोलल्या, शेजारचे एक मास्तरही येऊन बोलून गेले. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि खांद्यावरचा मोठा रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकला.

"हात आण इकडं," ते मला म्हणाले.

आमच्याकडे संत्र्याचा भाव ओरडून ठरत नाही. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. आणि आतला आकडा बाहेर सांगायचा नाही, हा रिवाज.

"अकोल्याले यायचं तुह्यं मन सोळा आण्यातून किती? बोटानं सांग."

"भाऊजी, पोट्ट्याचा लिलाव करता काय?" मामा हसले.

मी बाबांचा पंजा तीनदा दाबला आणि वर एक बोट. सोळा. धादांत खोटं. पण बाबांच्या मनासारखं होऊ दे आणि ही कटकट एकदाची संपू दे, एवढंच मला कळत होतं. मी हात काढायला लागलो तर त्यांनी सोडला नाही. सौद्यात समोरचाही आपला आकडा सांगतो, ते मी विसरलोच होतो. बाबांनी माझी करंगळी धरली. तेवढीच. मला वाटलं, चुकून धरली. त्यांनी ती पुन्हा दाबली.

एक आणा!

मी रिवाज विसरून ओरडलो, "मंग इतके दिवस बोलले काऊन नाही तुमी?"

"तूच तं सारखा अकोल्याच्या गाडीत बसून राह्यला. मले वाटलं, तुलेच जीप पाह्यजे."

"अरे, भाव काय झाला ते कोणी सांगन का मले?" मामा विचारत राहिले. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं. कसलं काय! तोपर्यंत अकोला फसलं असतं तर बाबांसाठी गेलो म्हणता आलं असतं, आणि अमरावती फसली असती तर बाबा वेळेवर बोलले नाहीत म्हणता आलं असतं. आता खापर फोडायला कोणाचं डोकंच उरलं नव्हतं. तर्कशास्त्र शिकून उपाशी राहिलो तर ते माझं मीच.

दुसऱ्या दिवशी बाबा परत निघाले. पोचवायला म्हणून मी स्टेशनवर गेलो, पण कपड्यांची पिशवी घेऊन. बाबांनी ती पाहिली आणि ते तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. खिडकीशी गेल्यावर मागं वळून म्हणाले, "बडनेऱ्याची एक का दोन?"

रांगेतले लोक कुरकुरायला लागले.

"दोन," मी पुटपुटलो.

"जोरानं सांग," बाबा म्हणाले. "इथं रुमाल नाही."