आत्याने ओढलेला सूर

आरतीत एक ओळ अशी येते, की तिथला सूर ज्याने त्याने दम पुरेल तेवढा ओढायचा. यंदा आमच्या घरच्या गणपतीपुढे तो शेवटपर्यंत ओढला आत्याने. फुप्फुसाच्या दुखण्यातून नुकतीच उठलेली, डॉक्टरांनी मोठ्याने बोलायलाही मनाई केलेली आत्या! आम्ही एकेक करून गप्प झालो, टाळ हातातच राहिले, पण तिचा सूर काही संपेना.

प्रसाद वाटताना भावाने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पुढे केला. "बघ, आपण सगळे थांबल्यावर जेमतेम चार-सहा सेकंद. तुला उगाच केवढा तरी लांब वाटला."

वाटला तर वाटला! मेंदूत काही भिंतीवरचं घड्याळ टांगलेलं नसतं. जीव अडकलेला असला की तेवढाच आवाज त्याला लांब ऐकू येतो म्हणे, आणि याला शहाणी माणसं चूक म्हणतात. मी नाही म्हणणार. आता तुटेल, आता तुटेल, या धाकात मी त्या सुराचा कण न् कण ऐकला होता. तो कुणाच्या सांगण्यावरून कमी का करू?

मी भांडायला तोंड उघडणार, तोच आत्या मोदक खाता खाता म्हणाली, "त्याच्या मोबाईलला कधी दम लागलाय का? त्याला काय कळणार!"