रात्रपाळीची झोप

माझं ऑफिस ताथवड्यात होतं तोवर आमचं थेरगावचं घर आम्हाला पुरायचं. नवरा चाकणच्या कारखान्यात पाळीवर, मी ऑफिसात. करोनानंतर आमच्या कंपनीने तो मजलाच सोडला आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. मला आनंदच झाला. डांगे चौकातली रोजची गर्दी टळली. सासूबाईंना फोन करून मी सांगितलं की, आता घराकडे नीट लक्ष देता येईल.

घर म्हणजे बेडरूम, स्वयंपाकघर आणि मधला चिंचोळा हॉल. घरमालक नेटची वायर ओढू देत नव्हता, म्हणून मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करायचे, आणि रेंज यायची ती फक्त बेडरूमच्या खिडकीपाशी. तिथेच मी टेबल मांडलं.

रात्रपाळी असली की नवरा सकाळी कंपनीच्या बसने यायचा. त्याची आंघोळ आणि चहा होईपर्यंत माझी पहिली मीटिंग सुरू झालेली असायची. मग तो हॉलमध्ये सतरंजीवर पडायचा. माझं बोलणं मोठ्याने, आणि मध्ये एक पातळ दार. एकदा त्याचं घोरणं मीटिंगमध्ये ऐकू गेलं आणि कुणीतरी हसलं. दुपारी मी ते त्याला गंमत म्हणून सांगितलं. तोही हसला. त्यानंतर तो म्हणू लागला की मित्राच्या खोलीवर झोपतो, तिथे शांत असतं. मी बरं म्हटलं. कुठला मित्र, हेही विचारलं नाही. उलट घर मोकळं मिळाल्याचं मला बरंच वाटलं.

एका सकाळी खिडकीतली रेंजही गेली. मीटिंग महत्त्वाची होती, म्हणून मी लॅपटॉप उचलून गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, खोक्याचा पुठ्ठा पसरून, कंपनीची बॅग उशाला घेऊन नवरा झोपला होता. सावली सरकली होती. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर ऊन आलं होतं.

तेवढ्यात मॅनेजरनी माझं नाव घेतलं. छोटं ऑफिस पुन्हा घ्यावं की घरूनच काम चालू ठेवावं, असं ते प्रत्येकाला विचारत होते. मी माइक सुरू केला आणि त्याच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले की घरूनच बरं आहे, घरच्यांनाही सोयीचं पडतं. मीटिंग संपेपर्यंत मी तशीच उभी राहिले. त्याला आधी उठवायचं मला सुचलं नाही, असं म्हणता येणार नाही. सुचलं होतं.

मग मी त्याला हलवलं. त्याने डोळे उघडून पहिल्यांदा विचारलं, मीटिंग झाली का.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगून काय झालं असतं? तुला तरी कुठे जागा आहे दुसरी?"

तो पुठ्ठा गुंडाळू लागला. मग माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "मागच्या आठवड्यात प्रेस मशीनवर डुलकी लागली. शेजारच्याने माझा हात मागे ओढला, म्हणून वाचलो."

दुपारी तो खाली बेडरूममध्ये झोपला असताना मी मॅनेजरना फोन केला आणि मला ऑफिस हवंय म्हणाले. त्यांनी शांतपणे सांगितलं की सगळ्यांनी घरूनच म्हटलंय, तुम्हीसुद्धा. निर्णय वर कळवून झाला होता.

आता त्याची रात्रपाळी असली की मी गच्चीच्या जिन्यात खुर्ची टाकून बसते. बेडरूमला जाड पडदा लावलाय. येणारे-जाणारे माझ्या वायरी ओलांडून जातात. संध्याकाळी तो निघताना मी विचारते, झोप झाली का. तो झाली म्हणतो आणि बूट घालायला वाकतो. मी त्याच्या हातांकडे बघत राहते. नीट झोप लागली नाही तरी तो मला कधी सांगेल, असं आता वाटत नाही.