बलभीमदादांच्या डबीवरची कणीक

आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत बास गिटार वाजवणारे बलभीमदादा म्हणजे स्वभावाने गाय आणि बोटांनी पैलवान. अणदूरला त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळायच्या आणि लग्नसराईत त्याहून जाड तारा छेडायच्या, असं त्यांचं चाललेलं असतं. मी राजेश्वरी, याच पार्टीत गाते. नऊ वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून माझा उजवा कान अर्धा गेलाय, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगते.

दादांचा हात मुळात पखवाजाचा. त्यांचे वडील श्रीमंतअण्णा गावच्या भजनी मंडळात पन्नास वर्षं पखवाज वाजवतात. दादाही लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून शिकले. मग कुठल्याशा जत्रेत त्यांनी बास गिटार ऐकली आणि पखवाज सुटला, पण थाप मारायची सवय काही सुटली नाही. सम आली की ते तारेवर थापच देतात. मग एक सूर तोफेसारखा उडतो आणि पुढचे चार कुणाला ऐकूच येत नाहीत. मागच्या महिन्यात येडशीच्या लग्नात त्यांच्या जुन्या अँपचा, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा, स्पीकर फाटला. तो अँप साध्या गिटारीचा होता, त्या बिचाऱ्याला हा मार कसा झेपणार? फाटल्याचा आवाज ऐकून नवरदेवाची घोडी बिथरली आणि नवरदेव उतरून चालत आला.

पार्टीचे मालक बब्रुवानकाकांनी ते लग्न कसंबसं निभावून नेलं. परत आल्यावर मात्र दादांना समोर बसवून म्हणाले, "बलभीम, ऐतवारी नळदुर्गचं लग्न हाय. तिथं पुन्हा असं झालं, तर कीबोर्डवाला डाव्या हातानं बास वाजवंल. मग तू तुझ्या मोटारी भर."

काळजी लागली की दादांना घास उतरत नाही. चार दिवसांत गालफडं बसली. जो तो एकच सल्ला देत होता, मोठ्यातला मोठा अँप घ्या. गुरुवारी ते सोलापूरला निघाले तेव्हा मीही सोबत गेले. हा भला माणूस एकटा गेला तर दुकानदार त्याच्या गळ्यात कपाट बांधेल, अशी मला खात्री होती.

आणि तसंच चाललं होतं. दादांनी दुकानातल्या सगळ्यात थोरल्या अँपला गिटार जोडली, खर्जाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि एक थाप दिली. शोकेसच्या काचा थरथरल्या. दादा लहान पोरागत हसले.

"ह्योच घ्यायचा!"

"थांबा दादा," मी म्हणाले. "लग्नात तुम्ही एकटेच वाजवणार आहात का? मी गाते, तुम्ही माझ्यामागं वाजवा."

दुकानातच उभी राहून मी अंबाबाईचं एक पद म्हटलं. थोरल्या अँपमधून नुसती घूं घूं येत होती, सूर कुठला ते कळेना. मग शेजारच्या लहान स्पीकरच्या अँपवर तेच वाजवलं. तो दिसायला धाकटा, पण ताकदीला दुप्पट होता. त्यातून एकेक सूर सुटा ऐकू आला. दुकानदाराने हातावर मावेल अशी एक लोखंडी डबीही दाखवली, कॉम्प्रेसर. "मोठा सूर आला की ही दाबते, आणि मग सगळाच आवाज थोडा वर उचलते. त्यामुळं बारका सूर हरवत नाही," तो म्हणाला. दादांना वाटलं, देवीच पावली; धाकटा अँप आणि डबी घेऊन आम्ही परतलो.

शुक्रवारच्या तालमीत दादांनी डबीचं सूर दाबणारं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. कशाला धोका घ्या! दणका गेला हे खरं, पण सगळे सूर सारखे, मऊ, निर्जीव झाले. माझा पाय ठेका धरेना. बब्रुवानकाकांनी गाणं मध्येच थांबवलं आणि कीबोर्डवाल्याला म्हणाले, "डावा हात तयार ठेव."

शनिवारी सकाळी दादांचा फोन आला, "म्या उद्या येत न्हाय." मला असा संताप आला की गॅस बंद करून तशीच अणदूरला त्यांच्या घरी गेले.

दादा आत खाटेवर बसून त्याच निर्जीव सुरांशी झटत होते. ओट्यावर श्रीमंतअण्णा पखवाज लावत होते. एकादशीचं भजन होतं. डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापायची, थाप मारून ऐकायचं, थोडी खरवडून काढायची, पुन्हा ऐकायचं. कमी पडली तर थाप पोकळ वाजते, जास्त झाली तर मुकी. नऊ वर्षांत अण्णांनी त्या गिटारीबद्दल एक शब्द काढला नव्हता. आज मान वर न करता ते म्हणाले,

"बल्या, कणीक लई झाली."

"अण्णा, हे इजेवरचं हाय. ह्याला कणीक नसती."

"मग बोलत का न्हाय? काढ थोडी."

दादा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बघता काय? काढा की!"

त्यांनी बटण जरासं मागं घेतलं आणि वाजवलं. "आजून काढ," ओट्यावरून आवाज आला. पुन्हा मागं. "आजून." चौथ्या वेळेला तार वाजली आणि माझ्या पायानं आपसूक ठेका धरला. दणका नव्हता, पण थाप होती, दादांची थाप. अण्णा उठले, आत आले आणि बोटावरची चिमूटभर कणीक त्या डबीवर बटणाच्या खुणेसमोर चिकटवली. "हितनं हलवू नगं," म्हणाले आणि परत पखवाजाकडे गेले.

रविवारी नळदुर्गचं मंगल कार्यालय पत्र्याचं निघालं. तिथं शिंकलं तरी चारदा ऐकू येतं. मी माईक हातात घेऊन सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. समेवर दादांची थाप आली आणि माझ्या आवाजाखाली पाट ठेवावा तशी अलगद बसली. घोडी दारात शांत उभी होती. तिसऱ्या गाण्याला बब्रुवानकाका कीबोर्डवाल्याजवळ गेले आणि त्याचा डावा हात उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. स्टेजवरच मला रडू येईल असं वाटलं, इतकं हायसं झालं. उतरताना काका दादांना एवढंच म्हणाले, "मंगळवारी तुळजापूर. आठला निघायचं."

दादांनी अक्षता झाडायच्या आधी फोन लावला. "अण्णा, सूर बोलला! लई गोड बोलला!"

पलीकडून अण्णांचा आवाज मलाही ऐकू आला, "ते म्या कालच आयकलंय. तू जेवलास का?"

दादांनी फोन खिशात टाकला, डोळे पुसले आणि पंगतीत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी बुंदी तीनदा मागून घेतली.