चौदा भेगा

ब्राह्मणपारा या मोहल्ल्यातल्या जुन्या इमारतींची यादी करायचं ठरलं, तेव्हा मोजणीचं काम मी मागून घेतलं. आकड्यांचं काम मला दुसऱ्यावर सोडवत नाही. आम्ही चौबे कॉलोनीतले पाच नोकरदार होतो. यादी महापालिकेच्या कचेरीत दिली की या इमारतींना संरक्षण मिळेल, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

लाकडी सज्जा असलेल्या एका दुमजली इमारतीत माझा शिंपी राहायचा. खाली दुकान, वर घर, आजोबांपासून भाड्याने. टेप मी त्याचीच घेतली. मागच्या भिंतीवर तीन भेगा दिसत होत्या. पण तो दर दिवाळीला भिंतीवर छुहीचा, म्हणजे इकडच्या पांढऱ्या मातीचा, हात मारायचा. म्हणून मी किल्लीने थर खरवडून पाहिला. भेगा चौदा निघाल्या. सर्वांत रुंद भेगेत माझी करंगळी गेली. फॉर्मात तसंच लिहिलं. त्याने मला चहा पाजला.

चार महिन्यांनी नोटीस आली : इमारत धोकादायक, रिकामी करा. यादीतल्या एकवीसपैकी नऊ इमारतींना तीच नोटीस आणि कारण म्हणून माझेच आकडे. मोजणी चुकली असं मोजणाऱ्याने लिहून दिलं तरच फेरतपासणी होईल, असं कचेरीतला बाबू म्हणाला.

शिंपी घरी आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"लिहून द्या न, साहेब. मोजण्यात चूक झाली म्हणा."

मी म्हटलं, चूक झालेली नाही. उद्या भिंत कोणाच्या अंगावर आली तर?

"भेगा तर माह्या बापाच्या वेळेपासून हायेत," तो म्हणाला. "मोजल्या नव्हत्या कोणी."

मी लिहून दिलं नाही.

इमारत पाडली तेव्हा मी रजा घेऊन गेलो. सज्जा दहा मिनिटांत खाली आला. मागची भिंत मात्र पडेना. तिला यंत्राने दीड दिवस घेतला.

शिंपी आता शहराबाहेर, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये कामगारांचे कपडे उसवून-शिवून देतो. मी टेप परत द्यायला गेलो. त्याने मान वर केली नाही.

"असू द्या तुमच्याजवळ, साहेब. नोटीस न आलेल्या बारा बिल्डिंगा हायेत अजून."